इकाम्यावरचा सुतार

हमीद परकार यांच्या इकाम्यावर तेवीस वर्षं 'सुतार' असं लिहिलेलं होतं. इकामा म्हणजे सौदी अरेबियात राहण्याचा परवाना. पाकिटात मावणारं कार्ड असतं. त्यावर नाव, देश आणि धंदा. परकारांनी या तेवीस वर्षांत एक पाटसुद्धा बनवला नव्हता. ते शीतगृहाचे मेकॅनिक होते. रियाधच्या आग्नेयेला अल सुलै नावाचा गोदामांचा भाग आहे. तिथल्या एका कंपनीच्या गोदामात कोंबड्या, मासे आणि मटार उणे अठरा अंशांवर राहतील हे पाहणं, एवढं त्यांचं काम. ते काम त्या आवारात त्यांच्याइतकं चांगलं कोणाला येत नव्हतं, याबद्दल मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यात दुमत आढळलं नाही.

कागदावर एक आणि हातात दुसरं, ही तिकडे नवलाची गोष्ट नव्हती. पुण्यात वीस वर्षं वर्तमानपत्रात काढून मी रियाधला एका सल्लागार कंपनीत अहवालांची भाषा तपासायला गेलो. माझ्या इकाम्यावर 'कारकून' होतं. आमच्या इमारतीचा पहारेकरी कागदोपत्री शिंपी होता. याबद्दल कोणी फारसं बोलत नसे. परकारांचं प्रकरण वेगळं झालं, कारण त्या कागदाने एके दिवशी त्यांच्याकडे खरोखर सुतारकाम मागितलं.

आमची ओळख फ्रिजमुळे झाली. रियाधच्या मलाझ भागात आम्ही राहत होतो, तिथल्या मराठी घरांत त्यांचा नंबर एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात फिरायचा. शुक्रवारी सुट्टी असली की ते बसने येत, तीन-चार घरांतले फ्रिज बघत आणि संध्याकाळी कंपनीच्या कामगार कॅम्पवर परत जात. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा जुलै महिना होता. दारात एक बुटका, काळासावळा, पन्नाशीचा माणूस उभा. एका हातात अवजारांची पिशवी, दुसऱ्या हातावर मरून रंगाचा लोकरी स्वेटर. बाहेर पंचेचाळीस अंश होते. माझ्या बायकोला, मेधाला, वाटलं की यांना ताप आलाय. स्वेटर घरून विणून आलेला होता. कंपनीच्या जाड जॅकेटच्या आत ते तो घालत. सुट्टीच्या दिवशी त्याची गरज नसे, पण तो कॅम्पवर ठेवला तर कोणीतरी उशीला घेतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी फ्रिज उघडला, आतल्या बाटलीतलं पाणी एका पेल्यात ओतलं, त्यात तापमापक सोडला, पेला मधल्या फळीवर ठेवला आणि दार लावून खुर्चीत बसले.

"एक तास उघडायचा नाय," ते म्हणाले.

मेधा म्हणाली, चहा ठेवायचाय, दूध आत आहे.

"मग बिनदुधाचा करा, वहिनी."

त्या तासात त्यांनी माझी चौकशी केली. मी पूर्वी वर्तमानपत्रात होतो हे कळल्यावर त्यांनी विचारलं की पेपरात तापमान छापतात ते कोण मोजतं. मी वेधशाळा म्हणालो. ते म्हणाले, ते कुठे उभं राहून मोजतात हे छापत नाहीत, तोवर त्या आकड्याला अर्थ नाही. त्या दिवसापासून मी 'पेपरवाले' झालो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

तासाभराने पेल्यातलं पाणी अकरा अंश होतं. बिघाड काहीच नव्हता. फ्रिज इतका ठासून भरला होता की थंड हवेला खाली उतरायला वाट नव्हती. परकारांनी अर्धं सामान काढून टेबलावर मांडलं. त्यात इडलीच्या पिठाचे तीन डबे निघाले आणि आत काय आहे ते मेधालाही सांगता येईना असा एक चौथा डबा. "फ्रिज म्हणजे कपाट नाय, वहिनी," असं सांगून ते हात धुवायला गेले. मेधा एका बँकेच्या संगणक यंत्रणेतल्या चुका शोधायचं काम करत होती. स्वतःच्या चुका ऐकायची तिला सवय नव्हती. चारेक दिवस ती धुमसत होती. पाचव्या दिवशी तिने शेजारच्या तेलुगू बाईंना हेच वाक्य हिंदीत ऐकवलं.

जाताना त्यांनी मला आपला धंदा समजावून सांगितला. नंतर अनेकांना तोच सांगताना मी ऐकलं. "आपण थंडी बनवत नाय, पेपरवाले. थंडी कोणालाच बनवता येत नाय. आत जी गरमी हाय ती उचलायची नि बाहेर नेऊन टाकायची. एवढाच धंदा." मग खिडकीतून बाहेरच्या रस्त्याकडे बघून म्हणाले, "ही जी बाहेर आग हाय ना, यातली थोडी माझी हाय."

परकार बाणकोट खाडीकाठच्या एका गावचे. हर्णै बंदरात मासळीसाठी बर्फ करणारा एक कारखाना होता, तिथे ते सोळाव्या वर्षी लागले. पाटी-पेन्सिल घेऊन त्यांना कोणी काही शिकवलं नाही. कारखान्याचा जुना मिस्त्री कॉम्प्रेसरच्या पाइपवर त्यांचा तळहात ठेवायचा आणि विचारायचा, काय वाटतं? चूक उत्तर दिलं की बर्फ फोडायला पाठवायचा. अकरा वर्षांत ते तापमान दोन अंशांच्या फरकाने हाताने सांगू लागले. कारखाना पुढे बंद पडला. त्यांच्या कामाचा एकही कागद कोणाकडे उरला नाही.

मुंबईत एजंटकडे ते गेले तेव्हा त्याच्याजवळ सुतारांचे व्हिसा शिल्लक होते. मुलाखत घेणाऱ्या माणसाने समोर फळी ठेवली आणि खिळा ठोकायला सांगितलं. परकारांनी ठोकला. "एक खिळा," ते मला म्हणाले, "तो पण थोडा वाकडा." रियाधला उतरल्यावर आठवडाभरात कंपनीच्या लक्षात आलं की हा माणूस शीतगृहाच्या मशीनजवळ उभा राहून आपण होऊन नाक मुरडतो. त्यांना विचारलं, काय बिघडलंय? त्यांनी सांगितलं. त्यानंतर त्यांना सुतारकामाच्या शेडकडे कोणी पाठवलं नाही.

कॅम्पमध्ये एका खोलीत सहा जण राहत. परकारांच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आणि पलंगाच्या कडेला मुलीचा, सानियाचा, दहावीचा फोटो. इतरांच्या भिंतीवर मक्केची किंवा गणपतीची चित्रं होती, ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे. खोलीचा एसी त्यांच्या ताब्यात होता आणि तो ते सव्वीसवर ठेवत. खोलीतल्या इतर पाच जणांनी याविरुद्ध अनेकदा आवाज उठवला. एक खेडचा वेल्डर, सकपाळ, म्हणायचा की जगातली सगळी थंडी कोंबड्यांना आणि आम्हाला घाम. परकार त्याला शांतपणे सांगत की कोंबड्या मेलेल्या आहेत, तुला अजून वेळ आहे. मासे ते फक्त गुरुवारी घेत, कारण दम्माम बंदरातून गाडी बुधवारी रात्री येते हे त्यांना ठाऊक होतं. आणि विकणाऱ्याशी भाव न करता आधी माशाखालचा बर्फ हातात घेऊन बघत. बर्फ एकदा वितळून पुन्हा गोठलेला असला की "खलास" म्हणून पुढे जात. बाथा भागातल्या बाजारातले बांगलादेशी मासळीवाले त्यांना ओळखून होते. ते आले की काही जण बर्फ बदलत.

कंपनीचा इंजिनियर आदिल इजिप्तचा होता. सुरुवातीला त्याचं आणि परकारांचं पटत नसे, कारण आदिलचा विश्वास पडद्यावरच्या आकड्यांवर होता. एकदा तीन नंबरच्या खोलीचा आकडा सतत उणे एकोणीस दाखवत होता आणि परकार म्हणत होते की खोली गरम आहे. ते एका खोक्यातलं पाकीट दाखवत होते, त्याच्या आत बर्फाचे काटे उगवले होते, म्हणजे माल मधे सैल पडून पुन्हा गोठला होता. आदिल पडदा दाखवत होता. शेवटी परकारांनी त्याला जॅकेट काढून आत यायला सांगितलं. पंख्यासमोर, जिथे मोजणारा सेन्सर बसवला होता, तिथे त्याला उभं केलं. मग हात धरून मागच्या कोपऱ्यात नेलं. आदिलला पुढचं विचारायची गरज पडली नाही. कोपऱ्यात त्याचे दात वाजायचे थांबले होते. सेन्सर थंड हवेच्या तोंडात बसवला होता आणि तो फक्त स्वतःचं तापमान सांगत होता. तो दुसऱ्या दिवशी हलवला गेला. इजिप्शियन माणसाला पदव्यांची आवड असते. त्याने त्या दिवसापासून परकारांना 'दुक्तूर', म्हणजे डॉक्टर, म्हणायला सुरुवात केली. पडद्यावर काहीही दिसलं तरी तो आधी त्यांना विचारायचा.

ही सगळी व्यवस्था ज्या नियमाने मोडली तो वाईट नियम नव्हता. परदेशी कारागिराला त्याच्या इकाम्यावरचा धंदा खरोखर येतो का, याची परीक्षा आता द्यावी लागणार होती. एक भाग संगणकावर, दुसरा हाताने. कंपनीने परकारांना कळवलं की दोनदा बसता येईल. दोन्ही वेळा नापास झाल्यास इकाम्याचं नूतनीकरण होणार नाही. म्हणजे घरी.

त्यांची अडचण सानियाची होती. ती रत्नागिरीला फिजिओथेरपी शिकत होती आणि तिची दोन वर्षं बाकी होती. गावात माडी बांधून झालेली होती, बायको धीराची होती, स्वतःच्या गरजा जवळपास नव्हत्या. फक्त ही दोन वर्षं. हे त्यांनी मला आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं, हिशोब सांगावा तसं न सांगता, गाडीची वेळ सांगावी तसं.

मी विचारलं, शीतगृहाचा मेकॅनिक म्हणून परीक्षा का देत नाही? धंदा बदलून मागा. अर्ज मीच लिहिला, इंग्रजीत, आणि कंपनीत कोणीतरी तो अरबीत केला. उत्तर दोन ओळींचं आलं. धंदा बदलायचा तर त्या धंद्याच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल. हर्णैचा कारखाना अस्तित्वात नव्हता आणि असता तरी त्याने तळहाताचं प्रमाणपत्र दिलं नसतं. परकारांनी ते उत्तर दोनदा वाचून घडी करून ठेवलं. "म्हणजे मला जे येतं त्याची परीक्षा नाय," ते म्हणाले. "जे नाय येत त्याची हाय. बरं."

त्यांनी सुतारकाम शिकायचं ठरवलं. वय चोपन्न.

कंपनीच्या आवारातच, शीतगृहासमोर, लाकडाची शेड होती. तिथे माल ठेवायचे पॅलेट आणि खोकी बनत. शेडचा प्रमुख गुलजार खान, पेशावरचा, दाढी मेंदीने रंगवलेला. सगळ्या आवारात काम आणि इकामा जुळणारा आपण एकटेच आहोत, हे तो पाहुण्यांना आपण होऊन सांगायचा. "इधर एक ही असली आदमी है," असं म्हणून छातीवर हात ठेवायचा. परकार त्याच्याकडे शिष्य म्हणून गेले तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्याने पहिल्याच दिवशी त्यांना खिळा ठोकायला लावला आणि सगळ्यांना बघायला बोलावलं.

दुपारी चारला शीतगृहातली पाळी संपली की परकार समोरच्या शेडमध्ये जात आणि मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानपर्यंत तिथे असत. उणे अठरामधून निघून ते सरळ भुशात उभे राहत. करवत, रंधा, पटाशी. त्यांची बोटं यंत्राला सरावलेली होती, लाकडाला नव्हती. गुलजार खानची तक्रार होती की हा माणूस फळी हातात घेतली की कापायच्या आधी चार मिनिटं नुसता धरून उभा राहतो. परकार फळीत पाणी किती आहे ते बघत होते. ओल्या फळ्या ते वेगळ्या ठेवू लागले. त्या महिन्यात शेडमधली वाकलेली पॅलेट कमी झाली, हे गुलजार खानने खूप उशिरा आणि नाइलाजाने मान्य केलं.

शुक्रवारी ते आमच्याकडे येत. लेखी परीक्षेचे नमुना-प्रश्न मी त्यांना मराठीत करून देत होतो. ते उर्दूही वाचत, पण म्हणत की मराठीत चूक लवकर दिसते. एकदा मेधाने त्यांना विचारलं की तुम्हाला याचा राग येत नाही का? त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले की येतो, पण तो गुरुवारी येतो, आणि गुरुवारी मासे घ्यायचे असतात.

लेखी भागात ते पास झाले. हाताच्या परीक्षेत एक छोटं कपाट करायचं होतं, चौकट आणि एका दाराचं. वेळ चार तास. परकारांनी ते साडेतीन तासांत केलं आणि उरलेला अर्धा तास दाराच्या कडा घासत बसले. परीक्षकाने येऊन कोपरे मोजले, ते बरोबर होते. मग त्याने मूठ धरून दार ओढलं. मूठ त्याच्या हातात आली. दार आत राहिलं.

इतकी वर्षं या माणसाने जी दारं सांभाळली होती, त्यांतून केसभरही हवा आत जाता कामा नये, असा त्या दारांचा नियम होता. त्यांनी कपाटाचं दारही तसंच केलं होतं. कुठेही फट नव्हती. परीक्षकाने दोन माणसांना बोलावलं, एकाने चौकट धरली, दुसऱ्याने पटाशी घातली. दार निघालं तेव्हा चौकट तडकली. नापास.

गुलजार खानला हे कळल्यावर तो आधी जमिनीवर बसून हसला. मग उठून त्याने परकारांना शेडमधल्या प्रत्येक दारापाशी नेलं आणि फटीत नाणं घालून दाखवलं. "परकार साब, दरवाज़ा है, डिब्बे का ढक्कन नहीं. लकड़ी को भी साँस चाहिए." परकारांना नापास झाल्याची लाज वाटत नव्हती. मला ते नंतर म्हणाले की दार करताना त्यांना पूर्ण खात्री होती की हे त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं दार आहे. "अजून पण तसंच वाटतं," ते म्हणाले. "पण तो माझा धंदा, त्यांचा नाय."

दुसऱ्या परीक्षेला पाच आठवडे होते. या काळात ते आमच्याकडे आले नाहीत. सकपाळने फोनवर सांगितलं की म्हातारा जेवतोय तेवढा, बोलत नाही. आणि एसी चोवीसवर ठेवला तरी काही म्हणत नाही, म्हणून आम्हीच परत सव्वीसवर नेला. सानियाला त्यांनी नापास झाल्याचं सांगितलं नव्हतं. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की अब्बा सुतारकाम शिकताहेत, आणि तिने फोनवर चिडवलं होतं की मग आता माडीची खिडकी तुम्हीच बसवा, गावचा सुतार दोन वर्षं येतो-येतो म्हणतोय.

दुसऱ्या वेळी त्यांनी दार केलं आणि त्याला फट ठेवली. ते पास झाले. त्या शुक्रवारी ते आमच्याकडे जिलेबीचा पुडा घेऊन आले, बसले, आणि मेधाने विचारल्यावर म्हणाले की दार अगदी वाईट झालं, परीक्षकाला आवडलं.

इथे ही हकिकत संपायला हवी होती. पण पास झाल्याचा दाखला थेट सरकारी यंत्रणेत नोंदला गेला, आणि कंपनीत त्या नोंदी बघायला एक नवी अधिकारी आली होती. नौफ नावाची सौदी मुलगी, पंचविशीतली, हुशार, कामाला चोख. माणूस आणि त्याचा दाखला जुळला पाहिजे, हे तिचं काम होतं, नाहीतर दंड कंपनीला आणि परतपाठवणी माणसाला. तिने यादी केली. यादीत परकार 'प्रमाणित सुतार' होते आणि बसत होते शीतगृहात.

तिने त्यांना बोलावलं, खुर्ची दिली, 'या अम्म', म्हणजे काका, म्हणून संबोधलं. आदिल दुभाष्या म्हणून होता. पुढचं मला त्याच्याकडून कळलं. ती म्हणाली की अभिनंदन, आता तुम्हाला इथे कोणी त्रास देऊ शकणार नाही. पहिल्या तारखेपासून तुम्ही लाकडाच्या शेडमध्ये. शीतगृहासाठी पदविका असलेला माणूस येतोय. तिच्या आवाजात खराखुरा आनंद होता, असं आदिलने मुद्दाम सांगितलं. एका माणसाचं तरी प्रकरण तिने नीट लावलं होतं.

आदिल तिच्याशी वाद घालू लागला. परकारांनी त्याला हाताने थांबवलं आणि एकच प्रश्न विचारायला सांगितला: इकामा दोन वर्षांचा होईल का?

होईल, ती म्हणाली.

"मग झालं," परकार म्हणाले. आदिलने याचं भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

नव्या मेकॅनिकबरोबर ते तीन दिवस फिरले. तो वाईट माणूस नव्हता. नमुनेदार वही ठेवायचा आणि प्रत्येक मशीनचा नंबर लिहून घ्यायचा. परकारांनी त्याला कोणतं मशीन उन्हाळ्यात कुरकुरतं, कोणत्या दाराचं रबर हिवाळ्यात कडक होतं, हे सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. चौथ्या दिवशी परकार समोर गेले. मधे तीस-पस्तीस पावलांचं डांबरी आवार. शीतगृहाच्या दारावर कार्ड दाखवल्याशिवाय आत जाता येत नसे, आणि त्यांच्या कार्डाने ते दार उघडणं बंद झालं. आत गेलेला प्रत्येक माणूस आणि त्याचा धंदा नौफच्या पडद्यावर दिसायचा.

आमच्याकडचे फ्रिज बघणंही त्यांनी थांबवलं. मलाझच्या बायकांना हे पटेना. घरातला फ्रिज तुम्ही बघितला तर कोणाला कळणार आहे, असं मेधाने विचारलं. ते म्हणाले की कोणाला नाही कळणार, पण सुतारकामच करीन म्हणून मी सही केलीय. दुसऱ्या एका माणसाचा नंबर त्यांनी दिला. तो माणूस आला, पाच मिनिटांत फ्रिज बघून गेला. कोणाच्याच घरी त्याने काही टेबलावर काढून ठेवलं नाही, त्यामुळे तो लोकप्रिय झाला.

अठरा महिने ते शेडमध्ये होते. मी या काळात त्यांना चार-पाचदा भेटलो असेन. सुतार म्हणून ते साधारण होते, असं ते स्वतः म्हणत आणि गुलजार खान त्याला दुजोरा देई. ते हळू काम करत आणि मोजमापाला पक्के होते. शीतगृहाबद्दल ते बोलत नसत. मी एकदा विषय काढला तर त्यांनी मला सानियाच्या अभ्यासात हाडांची किती नावं पाठ करावी लागतात ते सांगितलं.

माझी नोकरी संपली आणि आम्ही परत यायला निघालो. पुस्तकं समुद्रमार्गे पाठवायची होती. त्यासाठी लाकडी खोकं हवं होतं, म्हणून मी भाड्याची पिकअप घेऊन अल सुलैला गेलो. ऑगस्ट महिना, सकाळचे दहा. सानियाचं शिक्षण संपायला तेव्हा दोनेक महिने राहिले होते.

परकारांनी खोकं तयार ठेवलं होतं. झाकण बसवायचं बाकी होतं. तेवढ्यात समोरून आदिल पळत आला. टाय सुटलेला, शर्ट भिजलेला. दोन नंबरची खोली गरम होत चालली होती. उणे अठरावरून उणे नऊवर आली होती आणि आत दोन कंटेनर कोंबड्या होत्या. नव्या मेकॅनिकला सापडत नव्हतं.

"या दुक्तूर, यल्ला, चल. पाच मिनिटं. कार्ड माझं वापर."

परकारांनी हातोडी खाली ठेवली. शेडच्या तोंडापर्यंत आले. तिथे थांबले.

"नाय," ते म्हणाले, आणि मग तिथूनच हिंदी-अरबी मिसळून विचारायला लागले. मशीन चालू आहे का? चालू. बंद होतं की सतत चालतं? सतत. आत पंख्यासमोर हात धरला तर वारा लागतो? आदिलला माहीत नव्हतं. "जा. हात धरून बघ. परत ये."

आदिल धावत गेला, धावत आला. वारा जवळजवळ नाही. आणि परतीच्या पाइपवर बर्फ आहे? आहे, मशीनपर्यंत. दाब? कमी. म्हणून तो मेकॅनिक गॅस भरायला लागलाय.

परकारांचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता. "गॅस बंद करायला सांग. आत्ता. गॅस कमी नाय. आतल्या कॉइलवर बर्फाचा थर बसलाय, हवा जायला जागा नाय, म्हणून दाब कमी. बर्फ वितळवायचं चक्र सुरूच झालेलं नाय. टायमर मेला असेल. पंखे बंद करा, टायमर हाताने फिरवा, अर्धा तास थांबा. नि दार कोणी उघडायचं नाय, तू पण नाय."

आदिल म्हणाला की तू ये, तू स्वतः बघ, नौफला मी सांगतो.

"हात लावायला कागद लागतो," परकार म्हणाले. "बोलायला अजून लागत नाय. यल्ला, जा."

आदिल गेला. गुलजार खान आणि शेडमधले बाकीचे काम थांबवून उभे होते. परकार वळून माझ्या खोक्यापाशी आले आणि झाकणाला खिळे मारू लागले. त्यांनी नऊ खिळे मारले. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पुस्तकं किती किलो आहेत, असं त्यांनी विचारलं. मी अंदाजे सांगितलं. ते म्हणाले, मग खाली अजून एक पट्टी मारू, बंदरावर लोक आपटतात.

पट्टी मारून झाली तरी आदिल परतला नव्हता. चौघांनी मिळून खोकं पिकअपमध्ये चढवलं. मी त्यांना मिठी मारायला पुढे झालो तर त्यांनी आपले हात भुशाचे आहेत म्हणून मागे घेतले, आणि मेधाला सलाम सांगायला सांगितलं. पिकअपवाला घाई करत होता.

फाटकापाशी गाडी कागद दाखवायला थांबली. मी मागे पाहिलं. परकार पुन्हा शेडच्या तोंडाशी येऊन उभे होते. शीतगृहाचं दार त्यांनी सांगितलं तसं बंदच होतं. त्यांचे पाय सावलीच्या आत होते, आणि तिथून ते त्या बंद दाराकडे, मान थोडी कलती करून, बघत होते.